सात ओळींचा तक्ता: म्हाताऱ्या कुत्र्यासाठी वापरलेल्या एका साधनाचे परीक्षण

गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत आमच्या बोरिवलीच्या घरात फ्रिजवर एक कागद चिकटवलेला होता. दर रविवारी सकाळी चहानंतर आम्ही तिघे, म्हणजे मी, माझी पत्नी आणि आई, त्यावर आमच्या बंड्याला गुण देत असू. बंड्या हा तेरा वर्षे पूर्ण केलेला, एकतीस किलो वजनाचा लॅब्रेडॉर. त्याचे मूत्रपिंड निकामी होत चालले होते आणि मागच्या दोन्ही पायांचे सांधे झिजले होते. हे परीक्षण त्या कागदाचे, म्हणजे आजारी प्राण्याचे जगणे अजून सुसह्य आहे का हे पाहण्याच्या तक्त्याचे आहे. तो विकत घ्यावा लागत नाही, पण एखादे महागडे यंत्र घेताना आपण जितकी चौकशी करतो तितकी त्याचीही करावी, इतके त्याच्यावर अवलंबून असते.

अमेरिकेतील पशुकर्करोगतज्ज्ञ डॉ. अॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ साली हा तक्ता मांडला. त्यात सात ओळी आहेत: दुखणे, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत की नाहीत. इंग्रजीत यातील पाच शब्द ‘एच’ने आणि दोन ‘एम’ने सुरू होतात, म्हणून त्याचे नावही ती सात अक्षरे ओळीने लिहूनच तयार झाले आहे. प्रत्येक ओळीला दहापैकी गुण द्यायचे. अवस्था जितकी चांगली तितके गुण जास्त, म्हणजे दुखणे जितके कमी तितके त्याचे गुण अधिक. सत्तरपैकी बेरीज पस्तिसाच्या वर असेल तर प्राण्याचे जगणे अजून सुसह्य आहे आणि शुश्रूषा चालू ठेवण्यासारखी आहे असे मानायचे. आमच्याकडे घरी येऊन प्राणी तपासणाऱ्या डॉक्टरांनी तो छापून दिला आणि एकच सूचना केली: तिघांनी वेगवेगळे गुण लिहायचे, एकमेकांचे बघायचे नाहीत.

कागदाचा सर्वांत मोठा उपयोग मला या सूचनेत दिसला. पहिल्या रविवारी माझी बेरीज ४६ आली, पत्नीची ४३ आणि आईची ५५. सर्वाधिक फरक भुकेच्या ओळीत होता. आईने आठ गुण दिले होते, पत्नीने तीन. आई दुपारी त्याच्याशेजारी पाट घेऊन बसे आणि बोटाने दहीभाताचा एकेक घास त्याच्या ओठांआड सरकवी. त्यामुळे तिच्या दृष्टीने तो ‘नीट जेवत’ होता. पत्नी सकाळी त्याचे भांडे धुवायला घेई आणि त्यातले अन्न जसेच्या तसे दिसे. दोघींचेही खरे होते. हाताने भरवल्यावर खातो का, हा प्रश्न त्या तक्त्यातच विचारलेला आहे. पण त्या दिवसापर्यंत आम्ही एकाच घरात राहून दोन वेगळ्या कुत्र्यांबद्दल बोलत होतो आणि एकमेकांना हळवे किंवा कठोर ठरवत होतो, हे ते दोन आकडे शेजारी दिसल्यावरच कळले.

सुरुवातीच्या आठवड्यांत तक्त्याने दुसरे एक काम फार चांगले केले. कमी गुणांची ओळ दिसली की तिथे काही करता येईल का, हे पाहण्याची सवय लागली. हालचालीला चार गुण पडले तेव्हा लक्षात आले की त्याचे पाय जितके दुखतात त्याहून जास्त ते आमच्या गुळगुळीत फरशीवर घसरतात. दिवाणखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत योगासनांच्या जुन्या चटया आणि पायपुसणी अंथरल्यावर तो पुन्हा आपणहून पाण्याच्या भांड्यापर्यंत जाऊ लागला. पाण्याच्या ओळीसाठी मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडायची असते. ती लगेच जागेवर न बसता हळूहळू खाली आली तर शरीरात पाणी कमी आहे. तसे दिसू लागल्यावर डॉक्टरांनी एक दिवसाआड कातडीखाली रिंगर लॅक्टेटचे सलाईन द्यायला मला शिकवले. बाटली पडद्याच्या दांडीला टांगायची, खांद्यांमधली सैल कातडी उचलून सुई घालायची आणि तिथे उंटाच्या मदारीसारखा फुगवटा येईपर्यंत त्याच्याशी गप्पा मारत बसायचे. मला रक्त पाहूनही घेरी येते, तरी हे जमले.

दुखण्याच्या ओळीने मात्र आम्हाला अडचणीत आणले, आणि तो दोष तक्त्याचा नाही. सांधेदुखीवर एरवी चालणारी मेलॉक्सिकॅमसारखी औषधे मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात, त्यामुळे ती बंड्याला देता येत नव्हती. गॅबापेंटिन हे दुसरे वेदनाशामक सुरू केले. पण तेही मूत्रपिंडावाटेच बाहेर पडते, म्हणून मात्रा कमी ठेवावी लागली आणि तेवढ्यानेही तो दुपारभर गुंगीत राही. (शेजाऱ्यांनी सुचवलेली माणसांची वेदनाशामक गोळी कृपया कोणीही कुत्र्याला देऊ नये, आयबुप्रोफेनने धडधाकट कुत्र्याचेही मूत्रपिंड जाऊ शकते.) शिवाय दुखणे ओळखायचे कसे, हा प्रश्न राहतोच. कुत्रा क्वचितच विव्हळतो. उकाडा नसताना धापा टाकणे, एकच सांधा सतत चाटणे, रात्री चार-चार वेळा जागा बदलणे, आडवे होण्यापूर्वी बराच वेळ नुसते उभे राहणे, या खुणा डॉक्टरांनी समजावून सांगितल्या तेव्हा मी माझे आधीचे तीन रविवार परत तपासले आणि दुखण्याचे सहा गुण खोडून तीन केले.

आता तक्त्याच्या उणिवांकडे वळतो. पहिली उणीव म्हणजे रात्रीसाठी त्यात वेगळी ओळ नाही. म्हाताऱ्या कुत्र्याचे खरे हाल कित्येकदा रात्री होतात. बंड्या दोन वाजता उठून भिंतीकडे तोंड करून उभा राही आणि तिथून वळायचे कसे हे त्याला आठवत नसे. आनंदाच्या ओळीत भीती आणि अस्वस्थता यांचा उल्लेख आहे, पण ती ओळ आपण दिवसा भरतो, आणि दिवसा तर दाराची कडी वाजली की त्याचे शेपूट हलतच असे. आम्ही पेन्सिलीने खाली आठवी ओळ आखली: ‘रात्र’. ती बेरजेत धरली नाही, पण वाचली मात्र सगळ्यांत आधी. दुसरी उणीव म्हणजे माणसांच्या शक्तीला तिथे जागा नाही. एकतीस किलोचे जनावर दिवसातून पाच वेळा उचलून लिफ्टने खाली न्यायचे, तर पन्नाशीतल्या माझ्या कंबरेला किती गुण द्यायचे, हे कागद विचारत नाही.

तिसरी उणीव सर्वांत गंभीर आहे, आणि ती सहाव्या रविवारी उघडी पडली. त्या दिवशी माझे गुण असे होते: दुखणे २, भूक ६, पाणी ७, स्वच्छता ७, आनंद ७, हालचाल ३, चांगले दिवस ५. बेरीज ३७. म्हणजे उत्तीर्ण! तोवर त्याच्या रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंड निकामी होत जाते तसे ते साठत जाते) ३.४ वरून ५.६ वर गेले होते, म्हणजे मूत्रपिंडाच्या या रोगाच्या चार टप्प्यांपैकी शेवटचा टप्पा सुरू झाला होता, आणि तरीही कागद आम्हाला अजून वाट पाहायला सांगत होता. मला, खोटे कशाला बोलू, हायसे वाटले. पत्नीने कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, “पाण्याचे सात आणि स्वच्छतेचे सात, हे चौदा गुण आपले आहेत. त्याचे नाहीत.”

तिचे म्हणणे अचूक होते. पाण्याचे सात गुण माझ्या सलाईनचे होते. स्वच्छतेचे सात गुण तिच्या कोमट पाण्याच्या फडक्यांचे आणि रोज बदललेल्या चादरींचे होते. आईचा हात वजा केला तर भुकेचे सहाही उरत नव्हते. शुश्रूषा सुधारण्यासाठी हा तक्ता उत्तम आहे, कारण घरच्यांच्या कष्टांचे गुण तो लगेच वाढवून दाखवतो. पण दयामरणाच्या शेवटच्या निर्णयाच्या वेळी नेमके तेच कष्ट जनावराची खरी अवस्था झाकून टाकतात. श्वास घेता येत नसेल तर ती बाब इतर सर्व गोष्टींहून वरचढ मानावी, असे दुखण्याच्या ओळीत स्पष्ट लिहिलेले आहे. बेरजेत मात्र त्या ओळीचे वजन इतर ओळींइतकेच राहते. म्हणून माझी सूचना अशी की बेरीज करूच नये. दुखणे, आनंद आणि चांगले दिवस या तीन ओळी आधी एकमेकींशेजारी ठेवून वाचाव्यात आणि उरलेल्या चार ओळींपुढे ते गुण कोणाचे आहेत हेही लिहावे.

आई त्या क्षणापर्यंत या साऱ्याच्या विरोधात होती. “आपण कोण ठरवणारे?” हा तिचा प्रश्न होता, आणि त्यावर तिला पटेल असे उत्तर आमच्यापाशी नव्हते. त्या रविवारी तिने कागद घेतला, इतर सर्व ओळी कोऱ्या ठेवल्या, दुखण्यापुढे १ लिहिला आणि पेन्सिल टेबलावर ठेवून ती देवघरात गेली. मी डॉक्टरांना फोन केला.

डॉक्टरांच्या सेवेविषयी थोडक्यात लिहितो, कारण तिच्याबद्दल तक्रार करण्यासारखे फारसे काही नाही. ते बुधवारी संध्याकाळी घरी आले. काय काय होईल ते त्यांनी आधीच सांगितले होते: प्रथम गुंगीचे इंजेक्शन, मग पुढच्या पायाच्या शिरेत सुई, मग भुलीच्या औषधाची मोठी मात्रा, डोळे मिटणार नाहीत, हृदय थांबल्यावरही एखाद-दोन श्वास आल्यासारखे वाटतील, लघवी होईल. हे ठाऊक नसते तर तो शेवटचा उसासा आयुष्यभर छळत राहिला असता. ते पाऊण तास उशिरा आले, आणि त्या संध्याकाळी पाऊण तास फार मोठा असतो, एवढीच माझी कुरकुर. शुल्काचा आकडा त्यांनी फोनवरच सांगितला होता आणि पैसे आदल्या दिवशी घेतले, त्यामुळे त्या वेळी पाकीट काढावे लागले नाही. हा शहाणपणा इतरांनीही उचलावा.

त्यानंतरची सोय मुंबईकरांना माहीत असावी. मालाड पश्चिमेला एव्हरशाईन नगर येथे महापालिकेची लहान प्राण्यांसाठी दहनभट्टी सप्टेंबर २०२३ पासून सुरू आहे. ती पाइपगॅसवर चालते आणि तिथे शुल्क आकारत नाहीत. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला बरोबर ठेवावा आणि निघण्यापूर्वी वेळ विचारून घ्यावी.

तक्ता वापरणार असाल तर कुत्रा बरा असतानाच एकदा भरून ठेवा. आम्ही तसे केले नाही, त्यामुळे ‘आनंद’ या ओळीत बंड्याचे दहा म्हणजे नेमके काय, हे आम्हाला आठवणीतून शोधावे लागले. पत्नीच्या मते दहा म्हणजे गोराईच्या समुद्रकिनाऱ्याची वाळू आणि माझ्या मते दहा म्हणजे चोरलेली चपाती. यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.