ग्रंथपाल बाईंची चिठ्ठी

मिक्सरचं माहितीपुस्तक हरवलं आणि कंपनीच्या साइटवरून ते पानही गायब. वाचनालयात सहज बोलले, तर ग्रंथपाल बाईंनी चिठ्ठीवर तीन वेबसाइटची नावं लिहून दिली. मेडलाइनप्लस आजार-औषधांची माहिती सोप्या इंग्रजीत देतं, वर्ल्डकॅट पुस्तक कुठल्या ग्रंथालयात आहे ते सांगतं. उपयोगी आहेत दोन्ही. पण तिसरं, वेबॅक मशीन, म्हणजे खजिनाच! इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून वेबपानं साठवतेय. २००१ पासून ती वेबॅक मशीनवर कुणालाही फुकट बघता येतात. जुना पत्ता टाकायचा, कॅलेंडरवर तारीख निवडायची. माझं पुस्तक सापडलं, दोन चित्रं सोडून. अर्थात प्रत्येक पान जपलेलं नसतं, आणि नेमका पत्ता ठाऊक नसेल तर बरीच शोधाशोध करावी लागते. मला तो जुन्या ईमेलमध्ये मिळाला, नशीब!