स्मेटा ऑडिट: सर्टिफिकेट मिळेल या आशेने पैसे भरू नका

युरोपातल्या खरेदीदाराचा मेल येतो, ऑर्डरआधी सेडेक्सवर नोंदणी करा आणि स्मेटाचा रिपोर्ट द्या. सेडेक्स ही पुरवठादारांची माहिती खरेदीदारांपर्यंत पोहोचवणारी संस्था, आणि स्मेटा ही कारखान्यात कामगारांना कसं वागवलं जातं ते तपासणारी तिची ऑडिटची पद्धत. टॉवेल-चादरी किंवा तयार कपडे निर्यात करणाऱ्या मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला: सर्टिफिकेट किती दिवसांत हातात येईल? येणारच नाही. स्मेटात पास-नापास नाही. मिळतो तो रिपोर्ट आणि त्यासोबत त्रुटी दुरुस्तीचा आराखडा, म्हणजे सीएपीआर. भिंतीवर लावायला फ्रेम देतो म्हणणारा कन्सल्टंट दारात आला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

सेवा घेण्याची पद्धत अशी. आधी सेडेक्सचं वार्षिक सदस्यत्व, मग स्वमूल्यमापनाची लांबलचक प्रश्नावली, मग मान्यताप्राप्त ऑडिट कंपनीची नेमणूक. तिची फी मनुष्यदिवसावर, प्रवास-मुक्काम वेगळा. स्मेटाच्या आधीच्या, ६.१ आवृत्तीच्या तक्त्यात होतं असं: १०० कामगारांपर्यंत एक मनुष्यदिवस आणि १० मुलाखती, १०१ ते ५०० ला दोन दिवस आणि २६ मुलाखती, ५०१ ते १००० ला तीन दिवस आणि ४२ मुलाखती. त्या हिशेबाने तीनशे कामगारांच्या कारखान्यात जेमतेम नऊ टक्के लोकांशी बोलणं होतं, आणि त्या २६ पैकी एकट्याने बोलायची संधी सहा जणांना. बाकीचे गटात बसतात. गटात सुपरवायझरबद्दल कोण बोलणार?

दोन पिलर, म्हणजे तपासणीचे विषय, घ्यायचे की चार, हा पुढचा प्रश्न. दोनमध्ये कामगार हक्क आणि आरोग्य-सुरक्षा, चारमध्ये पर्यावरण आणि व्यावसायिक नीतिमत्ता वाढते. खरेदीदाराला नेमकं काय हवंय ते लेखी विचारा. दोन पिलर करून घेतले आणि दुसऱ्या ग्राहकाने चार मागितले, की खर्च पुन्हा.

पैसे वसूल होतात ते कागदांच्या ताळमेळात. चांगला ऑडिटर मस्टर आणि पगारपत्रक बघून थांबत नाही. तो गेटचं रजिस्टर, माल पाठवल्याची चलनं, तुटलेल्या सुयांची नोंदवही आणि मशीन दुरुस्तीची वही मागतो. मस्टरवर रविवार सुट्टीचा आणि सुयांच्या वहीत त्याच रविवारी दुपारी दोन सुया तुटलेल्या, की दुसरं मस्टर कुठेतरी आहे हे उघड. इथे मालक मोठी चूक करतात. ओव्हरटाइम लपवण्यापेक्षा तो खरा दाखवलेला बरा. स्मेटा ज्या ईटीआय बेस कोडवर (कामगारांच्या हक्कांची आंतरराष्ट्रीय नियमावली) उभं आहे, त्यात आठवड्याचे नियमित तास ४८, ओव्हरटाइम धरून साधारण ६०, आणि सात दिवसांत एक सुट्टी. तास जास्त भरले तर एक एनसी (नियम पाळला नाही अशी नोंद) लागते, ती बंद करता येते. नोंदी बनावट निघाल्या तर सगळ्या रिपोर्टवरचा विश्वास जातो आणि खरेदीदारही. ओव्हरटाइमचा दर मात्र आपल्या कायद्याचा, दुप्पट. कायदा आणि कोड यांत कामगाराला जे जास्त संरक्षण देतं ते लागू.

हमखास सापडणाऱ्या इतर गोष्टी: महाराष्ट्रात किमान वेतनाचा विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, तो सॉफ्टवेअरमध्ये टाकायला कोणी विसरतं आणि फरकाची थकबाकी निघते. ठेकेदाराच्या पीएफ-ईएसआय चलनात ४० नावं आणि फ्लोअरवर ५५ माणसं. मूळ मालक म्हणून जबाबदारी तुमचीच. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी, वयाचा दुसरा पुरावा नाही. अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा दाखला, 'फॉर्म बी', दर सहा महिन्यांनी लागतो, फाइलला असतो गेल्या वर्षीचा. लैंगिक छळविरोधी अंतर्गत समिती (कायदा २०१३ चा, दहा कर्मचाऱ्यांपासून लागू) बोर्डावर असते, पण बाहेरच्या सदस्याचं नाव विचारलं की एचआरसुद्धा बोर्डाकडे बघतो. आणि आपत्कालीन दारासमोर रचलेली खोकी. ऑडिटच्या दिवशी उचलली तरी फरशीवरच्या खुणा राहतात.

आता जिथे ही सेवा तोकडी पडते ते. पहिलं, उचल. मुकादमाने गावात दिलेली आगाऊ रक्कम कारखान्याच्या वहीत येतच नाही. पगारपत्रक स्वच्छ दिसतं आणि कामगार कर्ज फिटेपर्यंत जाऊ शकत नाही. वेठबिगारीविरोधी कायदा १९७६ चा आहे, पण ऑडिटरला 'उचल' हा शब्दच माहीत नसेल तर प्रश्न विचारला जात नाही. दुसरं, घरोघरी दिलेलं धागे कापण्याचं, गोंडे बांधण्याचं काम. गेटच्या बाहेर ऑडिट सहसा जात नाही.

तिसरं जिवावर बेतणारं. सामाजिक ऑडिटर स्ट्रक्चरल इंजिनियर नसतो. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळच्या सावरमध्ये राणा प्लाझा कोसळून अकराशेवर माणसं गेली. त्या इमारतीतल्या कारखान्यांचीही सामाजिक ऑडिटं झालेली होती. आदल्या वर्षी, ११ सप्टेंबर २०१२ ला, कराचीच्या अली एंटरप्रायजेसमध्ये अडीचशेहून जास्त कामगार आगीत गेले, आणि त्या कारखान्याला काही आठवड्यांपूर्वीच एसए ८००० हे कामगारांच्या परिस्थितीबद्दलचं दुसरं, रीतसर सर्टिफिकेट मिळालेलं होतं. आग लावलेली होती असं पुढे कोर्टात ठरलं, पण दारं बंद आणि खिडक्यांना गज होते हे आगीआधीही दिसण्यासारखंच होतं. शेडवर मजला चढवला असेल तर स्मेटावर विसंबू नका, इमारतीचं स्थैर्य इंजिनियरकडून वेगळं तपासून घ्या.

चौथी तक्रार खरेदीदाराबद्दल. साठ दिवसांची ऑर्डर पस्तीस दिवसांत मागायची, डिझाइन शेवटच्या आठवड्यात बदलायचं आणि ओव्हरटाइमची एनसी कारखान्याच्या नावावर, हे वर्षानुवर्षं चाललं. सातव्या आवृत्तीत 'कोलॅबरेटिव्ह ॲक्शन रिक्वायर्ड' हा प्रकार आला. पुरवठादाराला एकट्याने सुटणार नाहीत असे प्रश्न त्यात नोंदवले जातात. उशिरा का होईना, बरं झालं. तसा शेरा आला तर घाबरू नका, तो घेऊन खरेदीदाराशी भाव आणि मुदतीवर बोला. फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि जर्मनीत १ जानेवारी २०२३ पासून मोठ्या कंपन्यांवर पुरवठासाखळीतले धोके शोधून कमी करण्याची कायदेशीर जबाबदारी आहे. तुमचा रिपोर्ट फाइलला लावून ती संपत नाही, आणि हे त्यांच्या वकिलांना ठाऊक असतं.

बुकिंग करताना तारीख आधी न कळणारं, काही आठवड्यांची मुदत सांगून केलेलं सेमी-अनाउन्स्ड ऑडिट मागा. पूर्वसूचनेच्या ऑडिटपेक्षा जाणकार खरेदीदार त्याला जास्त किंमत देतात. ऑडिटर एपीएससीएकडे, म्हणजे सामाजिक ऑडिटरांच्या व्यावसायिक संघटनेकडे, नोंदलेला आहे का ते तपासा. लूमवर ओडिया आणि भोजपुरी बोलणारी माणसं असतील आणि शिलाईत बायका, तर त्या भाषा येणारा माणूस आणि बाई ऑडिटर पाठवणार का, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या. दुभाषा म्हणून तुमचा सुपरवायझर बसणार असेल, तर मुलाखतींचे पैसे वाया गेलेच समजा.