झेनोडो: चार वर्षं वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू, पब्लिक फंडिंगवर रिसर्च करणाऱ्यांसाठी

आमचा प्रोजेक्ट येत्या दोन-तीन महिन्यांत संपतोय आणि शेवटचा रिपोर्ट भरताना लक्षात आलं की या सगळ्या काळात ज्या एका सर्व्हिसचा आम्हाला सगळ्यात जास्त आधार झाला ती, म्हणजे पेपर आणि डेटा ऑनलाइन ठेवायची झेनोडो ही साइट, फुकट होती, तिच्यासाठी कोणाची सही लागली नाही, टेंडर लागलं नाही, आणि तरी तिच्याबद्दल मराठीत कुठे नीट लिहिलेलं मला सापडलं नाही. म्हणून हा रिव्ह्यू. थोडा लांब होईल, पण जे कोणी सरकारी ग्रँटवर काम करतायत त्यांनी वाचावाच.

मी जर्मनीत असते, भूजलावर काम करते, आमचा पैसा युरोपियन युनियनच्या होरायझन युरोप मधून आलेला. सात देशांतले पार्टनर आहेत, आणि माझ्या संशोधनाशिवाय माझ्याकडे अजून एक काम होतं, ते म्हणजे ओपन सायन्सच्या, म्हणजे संशोधन सगळ्यांसाठी उघडं ठेवायच्या, अटी सगळे पाळतायत का ते बघणं.

आधी अटीच सांगते, कारण त्या माहीत नसतील तर झेनोडो कशाला लागतं हे कळत नाही. होरायझन युरोप २०२१ ते २०२७ चा कार्यक्रम, आणि त्याच्या ग्रँट अ‍ॅग्रीमेंटचं कलम १७ आणि त्याला जोडलेलं परिशिष्ट ५ यात सगळं लिहिलंय. पेपर छापून आला की त्याच दिवशी तो सगळ्यांना फुकट वाचता आला पाहिजे, लायसन्स सीसी बाय, म्हणजे कोणीही वापरा फक्त नाव द्या. आधीच्या होरायझन २०२० मध्ये सहा महिने आणि समाजशास्त्रवाल्यांना बारा महिने थांबायची सवलत होती, ती आता नाही. सहाव्या महिन्यापर्यंत साधारणपणे डेटा मॅनेजमेंट प्लॅन, म्हणजे डेटा कसा सांभाळणार त्याचा आराखडा, द्यायचा. डेटा जितका उघडा ठेवता येईल तितका उघडा, आणि बंद ठेवावा लागला तर का ते लिहायचं. आणि एक गोष्ट जी दहातल्या आठ जणांना माहीत नसते, मी अक्षरशः प्रत्येक मीटिंगमध्ये सांगायचे, की जर्नल ओपन अ‍ॅक्सेस आहे एवढ्याने अट पूर्ण होत नाही. तुम्ही स्वतः तो पेपर विश्वासार्ह रिपॉझिटरीत, म्हणजे पेपर आणि डेटा जपून ठेवणाऱ्या ऑनलाइन संग्रहात, ठेवायचा असतो, जर्नलच्या वेबसाइटवर तो उघडा असला तरीही. बरेच लोक इथेच अडकतात, दोन वर्षांनी रिपोर्ट भरताना रिपॉझिटरीची लिंक विचारतात तेव्हा धावपळ सुरू होते.

तर ही रिपॉझिटरी म्हणजे झेनोडो. २०१३ मध्ये ओपनएअर या युरोपियन प्रोजेक्टमधून सुरू झालं आणि चालवते सर्न, तीच जिनिव्हाजवळची कणभौतिकीची प्रयोगशाळा. नाव अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा पहिला ग्रंथपाल झेनोडोटस याच्यावरून. तुम्ही टाकलेला डेटा सर्नच्याच डेटा सेंटरमध्ये राहतो, आणि सर्नचा प्रयोगांचा कार्यक्रम किमान पुढच्या वीस वर्षांचा ठरलेला आहे असं ते स्वतः लिहून देतात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण मी अशा किती तरी प्रोजेक्टच्या वेबसाइट पाहिल्यात ज्या फंडिंग संपल्यावर वर्षभरात गायब झाल्या आणि त्यांच्याबरोबर लोकांच्या पैशाने मोजलेले आकडेही गेले.

वापरायला सोपं आहे. ऑर्किड (संशोधकांचा ओळख क्रमांक) किंवा गिटहब (कोड ठेवायची साइट) यांच्या अकाउंटने लॉगिन, फाइल ओढून टाका, फॉर्म भरा, पब्लिश. एका रेकॉर्डला ५० जीबी आणि १०० फाइल्स एवढी मर्यादा, आम्हाला ती पुरून उरली, फाइल्स जास्त असतील तर झिप करायची. ग्रँट नंबर टाकला की प्रोजेक्टचं नाव आपोआप येतं आणि ओपनएअर तो रेकॉर्ड प्रोजेक्टशी जोडून घेतं, त्यामुळे रिपोर्टिंगच्या वेळी अर्धं काम झालेलं असतं. मेटाडेटा, म्हणजे शीर्षक, लेखक वगैरे रेकॉर्डची माहिती, सीसी झीरोखाली, म्हणजे कुठलीही अट न घालता, उघडा असतो, ही पण होरायझनची एक अट आहे आणि ती काही न करता पूर्ण होते. २०२४ पासून तिथे ईयू ओपन रिसर्च रिपॉझिटरी नावाची कम्युनिटी आहे, खास युरोपच्या पैशावरच्या प्रोजेक्टसाठी. पहिल्यांदा करत असाल तर सॅन्डबॉक्स म्हणून वेगळी साइट आहे, तिथे सराव करा, तिथले डीओआय (पेपरला किंवा डेटाला मिळणारा कायमचा ओळख क्रमांक) खरे नसतात त्यामुळे चूक झाली तरी काही बिघडत नाही.

मला सगळ्यात आवडलेली सोय म्हणजे डीओआय आधीच राखून ठेवता येतो. हे बाहेरून छोटं वाटेल पण ज्याने पेपर लिहिलाय त्याला कळेल, पेपरमध्ये डेटाचा डीओआय लागतो आणि डेटाच्या रेकॉर्डमध्ये पेपरचा, मग आधी कोण? इथे बटण दाबलं की नंबर मिळतो, तो पेपरमध्ये लिहायचा, रेकॉर्ड ड्राफ्टमध्येच ठेवायचा, आणि पेपर स्वीकारला गेला की पब्लिश करायचं. रिव्ह्यूअरला आधी डेटा बघायचा असेल तर खाजगी लिंक देता येते. कोडचं तर अजून सोपं, गिटहब जोडून ठेवलं की प्रत्येक रिलीजला आपोआप कॉपी आणि डीओआय.

आता पेपरचा एक किस्सा सांगते. आमच्याकडे पीएचडी करणाऱ्या एका मुलाचा पेपर एका वर्गणीवाल्या जर्नलने घेतला, जर्नलचं नाव मुद्दाम देत नाही. पेपर स्वीकारल्यावर फॉर्म आला की एक तर काही हजार युरो भरा आणि तुमचा पेपर उघडा करून घ्या, नाहीतर स्वतःची प्रत बारा महिने कुठे ठेवायची नाही. बिचारा घाबराघुबरा होऊन माझ्या टेबलाशी आला. अशा अर्ध्या-बंद अर्ध्या-उघड्या जर्नलची फी होरायझन युरोप देत नाही, फक्त पूर्ण ओपन अ‍ॅक्सेस जर्नलची देतं, म्हणजे पैसे भरायचे तर कुठून? पण पेपर पाठवतानाच आम्ही एक ओळ घातली होती, की या ग्रँटमुळे स्वीकृत मजकुराला सीसी बाय लायसन्स लागू राहील. मी प्रत्येकाला ही ओळ कव्हर लेटरमध्ये आणि आभारात, दोन्हीकडे टाकायला लावते. त्या एका ओळीने काम झालं. रिव्ह्यू होऊन स्वीकारलेला पण जर्नलच्या डिझाइनमध्ये न बसवलेला मजकूर आम्ही पेपर छापून आला त्याच सकाळी झेनोडोवर टाकला, प्रकाशकाकडून दोन मेल आले, आम्ही ग्रँटचं कलम जोडून उत्तर दिलं आणि विषय मिटला. एक पैसा गेला नाही. ही ओळ पाठवतानाच घालायची असते, पेपर स्वीकारल्यावर आठवून उपयोग नाही, सही झालेली असते.

डेटा बंद ठेवायचा प्रसंगही आमच्यावर आला. स्पेनमधल्या पार्टनरकडे शेतकऱ्यांच्या खाजगी विहिरी होत्या, पाण्याची पातळी दर तासाला मोजणारे लॉगर बसवलेले. शेतकऱ्यांनी मोजायला हो म्हटलं होतं, विहिरीची जागा जगाला सांगायला नाही. पाण्यावरून गावात काय काय होतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको, तिथेही तसंच आहे. एका पार्टनरचं म्हणणं होतं की मग सगळाच डेटा बंद ठेवू, कटकट नको. मी त्याला ठाम विरोध केला, कारण पातळीचे आकडे लपवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. शेवटी दोन रेकॉर्ड केले. एकात विहिरींचे नुसते क्रमांक आणि पातळी, पूर्ण उघडं. दुसऱ्यात अक्षांश-रेखांश, ते बंद, पण त्याचं वर्णन सगळ्यांना दिसतं आणि कोणाला खरंच हवं असेल तर कारण लिहून परवानगी मागता येते. झेनोडोवर हे करायला पाच मिनिटं लागली, आपसात ठरवायला मात्र तीन आठवडे.

आता जिथे कमी पडतं ते. झेनोडोवर तुमचा डेटा कोणी तपासत नाही. तुम्ही जे द्याल ते घेतं. कचरा टाकला तरी त्याला डीओआय मिळतो, आणि डीओआय मिळाला की लोकांना वाटतं अट पूर्ण झाली. कागदावर होतेही. पण आमच्याच एका पार्टनरची फाइल मी पब्लिश करायच्या आधी उघडली तर त्यात "एसटी" नावाचा कॉलम, तो स्टेशन की स्टेटस ते कुठेच लिहिलेलं नाही, आणि जिथे लॉगर बंद पडला होता तिथे वजा ९९९९ भरलेलं. ज्याला माहीत नाही तो सरासरी काढणार आणि त्या गावातलं पाणी थेट पाताळात जाणार. म्हणून रीडमी, म्हणजे डेटा कसा वाचायचा ते सांगणारी सोबतची फाइल. प्रत्येक कॉलमचं नाव, एकक, कोणत्या यंत्राने मोजलं, गहाळ आकडा कसा दाखवलाय, कोणत्या तारखेला लॉगर बदलला. अपलोडला वीस मिनिटं लागतात आणि चांगल्या रीडमीला दोन दिवस, आणि ते दोन दिवस मोजणी करणारा माणूस प्रोजेक्टमध्ये असतानाच काढायचे, तो दुसरीकडे नोकरीला लागल्यावर नाही. आमचे तीन डेटासेट आम्ही शेवटच्या वर्षावर ढकलले होते आणि त्यातल्या एकाचं एकक शोधायला मला जुन्या फील्ड डायरीचे फोटो मागवावे लागले.

त्यामुळे तुमच्या विषयाची स्वतंत्र रिपॉझिटरी असेल तर आधी तिकडे जा. पृथ्वी आणि पर्यावरणाच्या डेटासाठी ब्रेमेनची पॅन्गिया आहे, तिथे माणसं बसून तुमचा डेटा तपासतात, प्रश्न विचारतात, वेळ लागतो पण डेटा खरंच सुधारतो. जीन सिक्वेन्ससाठी युरोपात ईएनए (युरोपियन न्यूक्लिओटाइड आर्काइव्ह) आहे, आपल्याकडे फरीदाबादला इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर आहे. झेनोडो बाकीच्या सगळ्यासाठी, म्हणजे पेपर, रिपोर्ट, पोस्टर, कोड, प्रश्नावली, आणि ज्या डेटाला कुठेच घर नाही तो.

भारतातल्यांनी हे युरोपवाल्यांचं आहे म्हणून सोडून देऊ नये. झेनोडो कोणत्याही देशातल्या कोणालाही फुकट आहे. आणि अट आपल्याकडेही आहे, डीबीटी आणि डीएसटी या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागांची ओपन अ‍ॅक्सेस पॉलिसी डिसेंबर २०१४ पासून आहे, त्यांच्या पैशावरच्या संशोधनाचा स्वीकृत मजकूर रिपॉझिटरीत ठेवा असं त्यात स्पष्ट आहे. तरी माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी ती वाचलेलीच नाही. वन नेशन वन सबस्क्रिप्शनवर सरकारने तीन वर्षांसाठी ६००० कोटी मंजूर केले ते चांगलंच झालं, कॉलेजातल्या मुलांना जर्नल वाचायला मिळतायत, पण आपण लिहिलेलं कॉलेजबाहेरच्या माणसाने कुठे वाचायचं? जिल्हा परिषदेतला भूवैज्ञानिक, पाणलोटाचं काम करणारी संस्था, यांच्याकडे कुठलं सबस्क्रिप्शन? त्यांच्यासाठी तरी आपापला पेपर उघडा ठेवा, मनापासून सांगते.

माझ्याकडून ५ पैकी साडेचार. अर्धा कापला तो तपासणी नाही म्हणून.

आणि आवृत्त्यांची सोय किती कामाची आहे ते मला ज्या मेलमुळे कळलं तो सांगायचा राहिला. आमचा विहिरींचा डेटा पब्लिश होऊन सात-आठ महिने झाले होते, मराठवाड्यातून एका एम.टेक. करणाऱ्या मुलीचा मेल आला. इंग्रजीत, अगदी नम्र. १७ नंबरच्या विहिरीची पातळी ३४० मीटर कशी, बाकी सगळ्या विहिरी तर दोन ते नऊ मीटरच्या आत आहेत. मी फाइल उघडली आणि पोटात गोळाच आला. त्या एका लॉगरचे आकडे सेंटीमीटरमध्ये होते. आमच्या सात पार्टनरपैकी कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं, मीही दोनदा बघितला होता. मेलच्या शेवटी माझं आडनाव बघून मराठीत एक ओळ होती, मॅडम तुम्ही आपल्याकडच्याच का?

झेनोडोवर पब्लिश होऊन इतके महिने झालेली फाइल गुपचूप बदलता येत नाही, नवी आवृत्ती काढावी लागते, आणि तेच बरं आहे. जुनी तिथेच राहते, नवीला स्वतःचा डीओआय मिळतो, शिवाय सगळ्या आवृत्त्यांचा मिळून एक डीओआय असतो जो नेहमी ताज्या आवृत्तीवर नेतो. काय चुकलं होतं ते मी वर्णनात स्पष्ट लिहिलं आणि तिला विचारून तिचं नाव कॉन्ट्रिब्यूटर म्हणून घातलं. आता ती तिच्या थिसिससाठी मोजलेल्या ४१ विहिरींचा डेटा टाकतेय, परवाच विचारत होती लायसन्स कुठलं ठेवू. मी म्हटलं सीसी बाय ठेव, पण आधी मला रीडमी पाठव.