साहित्यात एम.ए.: कालिना, जवळचं कॉलेज की दूरस्थ?

भाची ऐरोलीला राहते. यंदा बी.ए. झाली, मराठी घेऊन. परवा आली आणि चहा पुढ्यात यायच्या आत म्हणाली, "मावशी, एम.ए. करायचं ठरलंय. पण रोज कालिनाला मुंबई विद्यापीठात जाऊ, इथेच एखादं कॉलेज बघू, की डिस्टन्सने करून टाकू?" त्यातलं 'करून टाकू' मला जरा खटकलं. पण प्रश्न रास्त होता. मी ठाण्याहून रोज कालिनाला जाऊन एम.ए. केलं आणि माझ्या धाकट्या जावेने वाशीतली नोकरी सांभाळून दूरस्थ पद्धतीने. म्हणजे दोन्ही प्रकार आमच्या घराने भोगले आहेत.

आधी एक भीती काढून टाकते. दूरस्थ पदवीला किंमत नसते, हे आता बोलण्यात अर्थ नाही. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते, हे यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2022 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. प्रवेशाआधी त्या वर्षाची, त्या अभ्यासक्रमाची मान्यता यूजीसीच्या यादीत बघून घ्यायची, एवढंच. कॉलेजात शिकवायला लागणाऱ्या नेट परीक्षेला बसायला खुल्या प्रवर्गाला एम.ए.त 55 टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला 50. ते गुण वर्गात बसून मिळवले की घरी, हे तिथे कोणी विचारत नाही.

मग फरक पडतो कुठे? पहिला, रेल्वेत. ऐरोलीहून ट्रान्सहार्बरने ठाणे, नऊ-दहा नंबरवरून पूल चढून मेन लाइनची गाडी, कुर्ल्याला उतरून पश्चिमेकडून बस किंवा शेअर रिक्षा. नेरूळ-वाशीवाल्यांना हार्बरने थेट कुर्ला गाठता येतं, ते जरा सुखी. घरातून निघून वर्गात टेकेपर्यंत दीड तास धरा आणि पावसाळ्यात घड्याळाकडे बघू नका. आमच्या वर्गातले तिघे पहिल्याच सहामाहीत गळले. अभ्यास जड गेला म्हणून नव्हे, कुर्ल्याच्या पुलाला कंटाळून.

तरीही मी कालिनाच्या बाजूने बोलते, आणि त्याला कारण एक तास आहे. महानुभाव पंथाचं जुनं मराठी गद्य चालू होतं. मी उतारा वाचला आणि अर्थ सांगायला लागले. 'गोसावी' या शब्दाशी माझ्या डोळ्यांपुढे भगवी कफनी, झोळी, दारात उभा राहिलेला माणूस. मागच्या बाकावरून अमरावतीकडची एक मुलगी हसली. म्हणाली, "अगं, गोसावी म्हणजे स्वामी. आमच्या पंथाचे चक्रधर. आमच्या घरी आजी अजून पाहुण्यांना 'दंडवत प्रणाम' म्हणते." ती महानुभाव घरातली होती. त्या तासाला सरांनी उतारा बाजूला ठेवला आणि तिलाच बोलतं केलं. सातशे वर्षांपूर्वीचं गद्य त्या दुपारी कोणाच्या तरी माजघरातून आल्यासारखं वाटलं. गाईडमध्ये त्या शब्दाचा अर्थ होताच, मी तो आदल्या रात्री वाचलाही होता. पण डोक्यात कफनीच राहिली होती, आणि ती काढायला समोर कोणीतरी हसणारं लागलं.

कालिनाला हे मिळतं. निरनिराळ्या जिल्ह्यांतली, निरनिराळ्या बोलींची मुलं एका वर्गात येतात. शिवाय आवारातच जवाहरलाल नेहरू ग्रंथालय आहे. आता नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत संशोधन पद्धतीचा पेपर, प्रकल्प, प्रत्यक्ष कामाचा अनुभव हेही अभ्यासक्रमात आलं आहे. त्याला मार्गदर्शक हाताशी असला तर बरं. तीन वर्षांच्या पदवीनंतर एम.ए. दोन वर्षांचं, आणि पहिल्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडायची सोयही आहे.

जवळच्या कॉलेजचं थोडक्यात सांगते. ठाणे-नवी मुंबईत आणि आसपास काही महाविद्यालयांत एम.ए.चे वर्ग चालतात. प्रवास वाचतो, प्राध्यापक नावाने ओळखतात. पण तिथे जाऊन दोनच प्रश्न विचारा: मागच्या वर्षी वर्गात किती जण होते, आणि तास ठरल्या वेळी होत होते का? चौघांचा वर्ग फार छान रंगू शकतो, किंवा चौघांपैकी दोघे आले नाहीत म्हणून रद्दही होऊ शकतो. हे माहितीपत्रकात नसतं. सध्या शिकणाऱ्या मुलांना कँटीनमध्ये गाठा.

आता जावेचं. तिला अभ्याससाहित्य परीक्षा तोंडावर आल्यावर मिळालं, तेही एका पेपरचं कमी. फोन करून करून ती थकली. शेवटी रविवारच्या संपर्क वर्गांत तिला कोपरखैरण्याच्या दोघी भेटल्या, आणि तिघींनी मिळून काय केलं असेल, तर दर पंधरा दिवसांनी एकीच्या घरी बसून एकेक पुस्तक सोलून काढलं. एकदा मी तिथे होते. एका कादंबरीतल्या सासूवरून त्यांचं असं जुंपलं की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि भाताची पेज झाली. जावेला माझ्यापेक्षा जास्त टक्के मिळाले, हे मला दर दिवाळीला ऐकवलं जातं. पण तिच्याच तुकडीतल्या बाकी कित्येकांनी अपेक्षित प्रश्नसंच घोकले. पास झाले तेही, फक्त त्यांना दोन वर्षांत एकही कविता आवडली किंवा नावडली नाही.

म्हणून नोकरी असेल, घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असेल, तर दूरस्थ बेलाशक घ्या. पण प्रवेशाच्या आधी भांडायला दोन माणसं शोधा. मुंबई विद्यापीठाचं दूरस्थ केंद्र, म्हणजे पूर्वीचं आयडॉल, 1971 पासून आहे; नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून. इंग्रजी साहित्य घ्यायचं तर इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठही आहे. पुस्तकांची अडचण ठाण्यात कमी भासते. मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 पासून उभं आहे, आणि नाटकाचा पेपर असेल तर गडकरी नाहीतर वाशीच्या भावे नाट्यगृहात चार प्रयोग बघा.

मराठी की इंग्रजी, हेही भाचीने हळूच विचारलं. नोकरीसाठी इंग्रजी घेत असशील तर नुसत्या एम.ए.वर दोन्हीकडे सारखीच रांग आहे. शाळेत शिकवायचं तर पुढे बी.एड. लागतं, सीनियर कॉलेजात नेट किंवा राज्याची सेट परीक्षा, आणि त्यानंतरही सुरुवात बहुधा सीएचबीवर, तासाच्या हिशेबाने. यूपीएससीला मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय 500 गुणांचा असतो, तिकडे डोळा असेल तर मराठीचा सरळ उपयोग आहे. नाहीतर जिच्यातलं पुस्तक परीक्षा नसताना हातात घेतेस, ती भाषा घे.

भाची एकवीस वर्षांची आहे, अंगावर कसली जबाबदारी नाही. तिला मी कालिना सांगितलं. ती गप्प बसली, मग म्हणाली, "पण मावशी, कुर्ल्याचा पूल..." मी म्हटलं, सोमवारी सकाळी दोघी जाऊन येऊ. विभागात विचारून एका तासाला मागे बसू, आणि येताना गर्दीच्या वेळेचीच गाडी पकडू.