काजूचा पाय आणि काचेचे डबे: आठ महिन्यांचा अनुभव, त्यातले चार पावसाचे

फेब्रुवारीत मी काचेचे तीन डबे घेतले. झाकणाला चारही बाजूंनी क्लिपा, आत सिलिकॉनची रिंग. एक मोठा, ज्यात आठ इंची पाय (इंग्रजीतला pie, पारीत सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) टिनसकट बसतो, आणि दोन लहान, तीन-तीन तुकड्यांचे. घ्यायचं कारण एकच होतं. घरी केलेला काजूचा किंवा अक्रोडाचा पाय आमच्याकडे डिचोलीत दुसऱ्याच दिवशी मऊ पडायचा. आता ऑक्टोबर लागलाय. दर पंधरवड्याला एक तरी पाय झाला, चवथीच्या आठवड्यात तीन झाले. पाऊस बघितल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण गोव्यात कुठल्याही डब्याची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर.

पाय कसला ते आधी सांगते, टिकणं त्यावरच ठरतं. खालची पारी मैदा आणि थंड लोण्याची. सारणात तीन अंडी, वितळलेलं लोणी, माडाचा काळा गूळ आणि दोन वाट्या काजू तुकडा. गूळ म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणते, काजू सत्तरीतून, माझ्या माहेरून येतात. अमेरिकेत पेकन नावाच्या अक्रोडासारख्या मेव्याचा पाय करतात त्याचाच हा भाऊ. तिथे कॉर्न सिरप घालतात, इथे गूळ ते काम चोख करतो. अक्रोडाचाही याच मापाने होतो.

जिन्नस बिघडण्याला आपल्याकडे तीन वेगळे शब्द आहेत: सादळणं, खवट होणं, नासणं. डबा घेताना मी तिन्ही एकच धरून चालले होते. हवाबंद झाकण लावलं की सगळंच थांबेल, असा हिशेब. आठ महिन्यांनी मी हे तिन्ही वेगळे मोजते.

सादळण्यापासून सुरुवात करते, कारण डबा त्यासाठीच घेतला होता. पहिल्या दोन पायांना मी कोमट असतानाच झाकण लावलं. सकाळी झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे टपोरे थेंब, आणि कडेची पारी बोटाने दाबली तर ओल्या पुठ्ठ्यासारखी दबत होती. बाहेरची हवा अडवायला आणलेल्या डब्याने आतली वाफ कोंडून ठेवली होती. म्हणजे पाय पूर्ण निवल्याशिवाय झाकण लावायचं नाही. पण अंड्याचं सारण बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, आणि पाय आतून निवायला तीन-चार तास घेतो. ही अडचण मला सोडवायला महिना लागला. आता पाय ओव्हनमधून काढला की जाळीवर ठेवते, वर पंखा. जाळीमुळे खालूनही हवा खेळते. दीड-पावणेदोन तासांनी टिनचा तळ हाताला गार लागला की तसाच उघडा फ्रीजच्या वरच्या कप्प्यात, वर नुसता बटर पेपर. आणखी दोन तासांनी डब्यात घालून क्लिपा लावते. तेव्हापासून थेंब दिसलेले नाहीत.

तरीही तळ मऊ पडत होताच, कारण तो ओलावा सारणातूनच उतरतो. त्यावर इलाज डब्यात नाही, भाजण्यात आहे. पारी टिनमध्ये पसरली की वर कागद घालून वजनासाठी सुकी चवळी भरते आणि सारणाआधी पंधरा मिनिटं नुसती पारी भाजून घेते. मग कागद-चवळी काढून, फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचा पातळ हात फिरवून आणखी तीन मिनिटं. पांढरा शिजून पापुद्रा धरतो आणि सारण थेट पिठात मुरत नाही. या एका पायरीने जेवढा फरक पडला तेवढा डब्याने पडला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

जुलैत मात्र डब्याने आपली किंमत वसूल केली. तुलना व्हावी म्हणून अर्धा पाय स्टीलच्या डब्यात आणि अर्धा काचेच्या, दोन्ही एकाच फ्रीजमध्ये ठेवले. तिसऱ्या दिवशी स्टीलमधल्या पायाची वरची चकाकी जाऊन गूळ चिकट झाला होता, पाघळायलाच लागला होता. गूळ हवेतलं पाणी ओढून घेतो, आणि पावसात आमचा फ्रीज प्रत्येक वेळी उघडताना ओली हवाच आत घेतो. काचेतल्या पायाचा वरचा काजू दाताखाली अजून कुरकुरत होता. शिवाय स्टीलमधल्याला बांगड्याचा वास लागला होता. लोणी वास फार पटकन धरतं, आणि आमच्याकडे मासळीशिवाय फ्रीज नसतो.

खवट होण्याचं गणित निराळं. ते सुक्या मेव्यातल्या तेलाचं हवेशी, उजेडाशी आणि उष्णतेशी चालतं. अक्रोड सगळ्यात नाजूक, त्याच्यातलं तेल लवकर बिघडतं. काजूत तेल कमी आणि त्या मानाने टिकाऊ. मे महिन्यात एक अक्रोडाचा पाय दुसऱ्याच दिवशी कडवट लागला. दोष मी डब्याला दिला. मग पिशवीतले उरलेले अक्रोड हुंगले तर जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास. आणतानाच खवट होते. तेव्हापासून पाय करायच्या आधी दोन अक्रोड चावून बघते, आणि सोललेला सगळा मेवा फ्रीझरमध्ये ठेवते. माहेरून भाजून आलेले काजू तर आधी वापरते, कारण भाजलेला मेवा कच्च्यापेक्षा लवकर खवटतो.

आता नासणं, ज्याबद्दल मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय. माझ्या जाऊबाई म्हणायच्या, “एवढा गूळ आहे, बाहेर चार दिवस काय होणार नाही.” गुळाने टिकते ती चिक्की, कारण तिच्यात पाणी जवळजवळ नसतं. आपलं सारण म्हणजे अंड्याचं कस्टर्ड. ४ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे जंतू झपाट्याने वाढतात, आणि आमचं स्वयंपाकघर वर्षभर त्याच पट्ट्यात असतं. डबा कितीही हवाबंद असो, इथे तो काही करत नाही. फ्रीजमध्ये तीन ते चार दिवस, बस्स. वास, रंग ठीक असला तरी पाचव्या दिवशी मी मुलांना देत नाही. जुलैत एका रात्री वीज गेली ती सात तासांनी आली. बंद फ्रीज साधारण चार तासच थंडावा धरतो, म्हणून आदल्या दिवशीचा जवळजवळ अख्खा पाय टाकला. माहेरचे काजू, आईने निवडून दिलेले. फार लागलं मनाला. पण फ्रीझरमधले तुकडे दगडासारखे होते, ते वाचले. न उघडलेला फ्रीझर गच्च भरलेला असेल तर दोन दिवस तग धरतो, अर्धा भरलेला असेल तर एक.

तेव्हापासून मी पाय केला की अर्धा सरळ फ्रीझरमध्येच घालते. तुकडे कापून ताटलीत सुटे दोन तास गोठवायचे, मग प्रत्येक तुकडा प्लास्टिक फिल्ममध्ये घट्ट, वर फॉइल, तारीख लिहून लहान डब्यात. महिना-दीड महिना चव तशीच राहते. दोन महिन्यांपुढे मी नेलेलं नाही. खायच्या आदल्या रात्री गुंडाळलेलाच तुकडा खालच्या कप्प्यात उतरवायचा. आधी सोडला तर दव पारीवर धरतं, गुंडाळलेला असला की फॉइलवर. मग १६५ अंशांवर दहा-बारा मिनिटं ओव्हनमध्ये. मायक्रोवेव्हमध्ये पारी चिवट होते, घाईतसुद्धा तिकडे जाऊ नका.

डब्यांच्या तक्रारी दोन. ऑगस्टमध्ये मोठ्या डब्याची रिंग काढली तर खाचेत काळी बुरशी. वरून धुतलेला डबा स्वच्छ दिसतो, पण रिंगखाली पाणी राहतं. आता सुरीच्या बोथट टोकाने रिंग दर वेळी काढते, धुते आणि पूर्ण सुकल्यावरच बसवते. मासळीसाठी वापरलेल्या डब्याची रिंग पायाला चालत नाही, तो वास कितीही धुतला तरी जात नाही. दुसरी तक्रार, एक लहान डबा तडकला. फ्रीझरमधून काढल्या काढल्या गरम पाण्याखाली धरला होता. दुकानदाराने बदलून दिला नाही, आणि ओव्हनचं चित्र खोक्यावर असलं तरी असा एकदम तापबदल काच सोसत नाही, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

पुन्हा घ्यायचे झाले तर मोठा घेणार नाही. अख्खा पाय चार दिवस एकाच डब्यात ठेवला की तो दिवसातून पाच वेळा उघडतो. त्याऐवजी लहान चार घेईन. लेकीला परवा पणजीच्या हॉस्टेलवर गोठवलेले सहा तुकडे दिले, डबा वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळून, बाजूला बर्फाची पिशवी. पोचल्यावर तिने फोन केला, “आई, मधला भाग अजून कडक आहे, फ्रीजमध्येच ठेवू ना?” मी म्हटलं हो, आणि दोन आज, दोन उद्या, उरलेले परवा संपव.