लुलिकोनाझोल क्रीम : पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत वापरल्यानंतरचा अनुभव

जुलैमध्ये कमरेला, बरोबर नाडीच्या रेषेत गजकर्ण उठलं आणि बघता बघता जांघेत पण गेलं. डोंबिवलीचा पावसाळा, लोकलमध्ये भिजायचं आणि कपडे अंगावरच वाळवायचे, मग दुसरं काय होणार. स्किनच्या डॉक्टरांनी कडेचे खवले खरवडून केओएच टेस्ट केली (खवले मायक्रोस्कोपखाली बघतात ती), फंगस म्हणजे बुरशी दिसली, आणि लुलिकोनाझोल १ टक्का हे अँटिफंगल, म्हणजे बुरशी मारणारं क्रीम लिहून दिलं, रोज एकदा.

क्रीम म्हणून मला खूप आवडलं. चिकट नाही, वास नाही, कपड्यांना डाग नाही. क्लोट्रिमाझोल हे दुसरं अँटिफंगल क्रीम दिवसातून दोनदा लावायचं असतं, ते ऑफिसमध्ये कुठे लावत बसणार, हे रात्री अंघोळ करून, अंग नीट कोरडं करून लावलं की झालं. खाज पहिल्या आठवड्यातच खूप उतरली, पण खरं काम तिथून पुढे असतं. गजकर्ण कडेने बाहेर वाढतं, मधे साफ दिसलं तरी कडेला जिवंत असतं, म्हणून चट्ट्याच्या बाहेर दोनेक सेंटीमीटरपर्यंत लावायचं आणि चट्टा पूर्ण गेल्यावरही अजून दोन आठवडे चालू ठेवायचं असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नंतर काळपट डाग राहतो, मला अजून आहे, ते इन्फेक्शन नाही, त्यावर क्रीम थापत राहू नका.

तक्रार एकच, ट्यूब लहान आणि महाग, जास्त भाग असेल तर भराभर संपते. कंटेंट तोच असलेली स्वस्त कंपनी मागा.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. ट्यूबवरचं मोठं नाव सोडा, खालचं बारीक अक्षर वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यातलं काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे, गजकर्णावर ते नको. माझ्या दिरांना मेडिकलमधून स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि अँटिफंगल एकत्र असलेली ट्यूब मिळाली, दोन दिवसांत खाज गायब, बंद केली की दुप्पट, असं महिनोन्महिने चाललं, आणि आता जांघेत जांभळट चिरा पडल्यात, त्या कायमच्या. स्टेरॉइड लालसरपणा दाबतं, फंगस आत निवांत पसरतं, चट्ट्याचं रूपच बदलतं आणि डॉक्टरांनाही पटकन ओळखता येत नाही. २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत, तरी काउंटरवर मागितली की मिळतात, याचा मला मनापासून राग येतो.

आपल्याकडे ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाचं फंगस पसरलंय, त्यावर टर्बिनाफिन हे नेहमीचं अँटिफंगल औषध बऱ्याचदा चालत नाही, त्यामुळे शेजारणीला लागू पडलं ते तुम्हाला पडेलच असं नाही. पसरलेलं असेल तर गोळ्या लागतात, दिरांना आता इट्राकोनाझोल चालू आहे. डोक्यात किंवा नखात असेल तर नुसत्या क्रीमवर बसू नका. आणि पोरांच्या नाकातोंडाजवळ पिवळी खपली धरते, पू येतो, ते बॅक्टेरियाचं, त्याला हे क्रीम काही करणार नाही, तिथे डॉक्टर म्युपिरोसिनसारखं मलम देतात.

घरात ज्यांना ज्यांना आहे त्यांनी एकाच वेळी उपचार घ्या. आमच्याकडे नवऱ्याच्या पायाला होतं, त्याचंही सोबतच चालू केलं, टॉवेल वेगळे केले आणि आतले कपडे गरम पाण्यात धुवून कडक उन्हात, ऊन नसेल तेव्हा इस्त्री फिरवून. दिवाळीपर्यंत दोघांनाही परत उठलेलं नाही.