पहिलं सूडनाट्य कोणतं वाचावं : हॅम्लेट, टायटस की हिएरोनिमो?

इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातलं सूडनाट्य वाचायचं म्हटलं की मराठी माणसाचा हात आपसूक ‘हॅम्लेट’कडे जातो. त्यात नवल नाही. आगरकरांनी ते ‘विकारविलसित’ नावाने १८८३ सालीच मराठीत आणलं, पुढे गणपतराव जोशींनी ते गाजवलं. पण या नाट्यप्रकाराचा मूळ पीळ समजून घ्यायचा असेल तर हॅम्लेट दुसऱ्यांदा वाचा, असं माझं म्हणणं आहे. आधी टॉमस किडचं ‘द स्पॅनिश ट्रॅजेडी’. शेक्सपिअरचं ‘टायटस अँड्रॉनिकस’ घ्यावं की नाही, ते तुमच्या काळजावर सोडतो.

तिन्हींचा सांगाडा बराचसा सारखा आहे. प्राचीन रोमन नाटककार सेनेकाच्या लॅटिन शोकांतिकांचे इंग्रजी अनुवाद १५८१ मध्ये एकत्र छापले गेले. भुतं, रक्तपात, लांबलचक स्वगतं हा माल बराचसा तिथला. अपराधी सत्तेच्या मांडीवर बसलेला, न्यायाचं दार बंद, मग वेड (खरं किंवा पांघरलेलं), आणि शेवटी सूड घेणाराही मरतो. फरक आहे तो एका प्रश्नात : हा माणूस सरळ न्याय मागायला का जाऊ शकत नाही?

किडचा हिएरोनिमो तर स्वतःच न्यायाधीश आहे. इथेच हे नाटक मला जिंकतं. त्याच्या मुलाला, होरेशिओला, रात्री बागेतल्या मांडवात फासावर लटकवून भोसकतात. मारेकऱ्यांत एक स्पेनच्या राजाचा पुतण्या लोरेन्झो, दुसरा पोर्तुगालच्या व्हाइसरॉयचा मुलगा बाल्थाझार. किंकाळ्या ऐकून म्हातारा अंथरुणातून उठून धावत येतो, लटकलेलं प्रेत खाली काढतो, आणि मग त्याला कळतं की हा आपलाच पोरगा. त्याच्या रक्तात भिजलेला रुमाल तो जपून ठेवतो.

पुढे एक प्रसंग येतो, तो वाचून मग ठरवा. लोक आपापले अर्ज घेऊन हिएरोनिमोकडे येतात. त्यांच्यात एक म्हातारा आहे, त्याच्याही मुलाचा खून झालेला. त्याचे डोळे पुसायला हिएरोनिमो खिशातून रुमाल काढतो, आणि हातात येतो तो नेमका तो रक्ताळलेला. भान सुटतं. हा न्यायाधीश लोकांचे कागद दातांनी फाडू लागतो. एक जण कळवळून सांगतो की माझ्या भाडेपट्ट्याला दहा पौंड पडले होते हो! कुंपणानेच शेत खाल्लं तर जायचं कुठे, हे किड सांगत बसत नाही, ते दहा पौंड दाखवतो.

विनोदही तसाच काळा. लोरेन्झोचा हस्तक पेद्रिंगानो फाशीच्या चौथऱ्यावर उभा राहून थट्टा करतो, कारण धन्याने माफीपत्राची पेटी पाठवली आहे. पेटी घेऊन आलेल्या पोराने ती वाटेतच उघडून पाहिलेली असते. आत काहीच नसतं. प्रेक्षकाला ते ठाऊक असतं, फाशी जाणाऱ्याला नाही.

आता काळाबद्दल. नाटक बहुधा १५८०च्या दशकात लिहिलं गेलं. १५९२ मध्ये ते लंडनच्या रोझ नाट्यगृहात झाल्याची नोंद नाट्यव्यावसायिक हेन्स्लोच्या हिशेबवहीत आहे. १५८० साली स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने पोर्तुगाल गिळलं होतं, १५८८ साली त्याचं आरमार इंग्लंडवर चालून आलं होतं. तेव्हा स्पॅनिश दरबार आतून कुजलेला पाहायला लंडनकर मिटक्या मारत आले असणार. पण मला दुसरा धागा जास्त महत्त्वाचा वाटतो. चर्च बजावत होतं की सूड हा देवाचा अधिकार, माणसाचा नव्हे. आणि त्याच सुमारास, १५८४ मध्ये, राणीच्या मंत्र्यांनी एक शपथपत्र फिरवलं : राणीच्या जिवावर उठणाऱ्याचा आणि ज्याच्यासाठी तो उठला त्याचाही आम्ही जीव घेऊ. हजारोंनी सह्या केल्या. स्कॉटलंडची माजी राणी, एलिझाबेथच्या गादीची दावेदार असलेल्या ज्या मेरी स्टुअर्टवर त्याचा रोख होता, तिनेही केली. १५८७ मध्ये तिचा शिरच्छेद झाला. म्हणजे सूड पाप आहे असं व्यासपीठावरून ऐकायचं आणि सूडाच्या शपथेवर सहीही करायची, असा तो प्रेक्षक होता. हिएरोनिमोला देवाचं वचन आठवतं, तो थबकतो, आणि तरीही पुढे जातो, तेव्हा हा प्रेक्षक कुणाच्या बाजूने होता, हे ठरवणं सोपं नाही.

किडचं स्वतःचं काय झालं? १५९३ मध्ये त्याला पकडलं, घरात धर्मविरोधी कागद सापडले. ते नाटककार मार्लोचे, असं त्याने सांगितलं. छळ सोसून बाहेर आला आणि १५९४ मध्ये, पस्तिशीत, गेला. नाटकावर त्याचं नावही छापलेलं नव्हतं.

‘टायटस’ १५९४ सालचं छापील. इथे न्याय का मिळत नाही, याला टायटस हा रोमन सेनापती स्वतः बराचसा जबाबदार आहे. गॉथांची राणी टमोरा गयावया करत असताना तो तिच्या थोरल्या मुलाचा बळी देतो, आणि नको त्या माणसाला सम्राट करतो. मग त्याच्या मुलीवर बलात्कार होतो, तिची जीभ आणि हात छाटले जातात, आणि तो टमोराच्या उरलेल्या मुलांचं मांस कणकेच्या आवरणात (इंग्रजी ‘पाय’मध्ये) भरून तिलाच वाढतो. १६८७ साली रेव्हन्सक्रॉफ्ट नावाच्या नाटककाराने या नाटकाला कचऱ्याचा ढीग म्हटलं. मी तितका कठोर नाही, पण पहिलंच म्हणून हे वाचलंत तर दुसरं हातात घेणार नाही, अशी भीती वाटते. एक जागा मात्र सोडू नका : जेवताना टायटसचा भाऊ सुरीने माशी मारतो, आणि टायटस भडकतो, तिला आईबाप असतील तर? माशी काळी होती, त्या ॲरनसारखी (टमोराचा कृष्णवर्णी प्रियकर), असं सांगताच तोच टायटस सुरी मागून घेतो आणि मेलेल्या माशीवर वार करतो. सूडाने माणसाचं काय होतं, ते एका माशीत आलं. हा प्रवेश १५९४च्या प्रतीत नाही, १६२३च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या एकत्रित संग्रहात आहे.

हॅम्लेटची अडचण वेगळी. बापाचा खुनी खुद्द राजा, आणि साक्षीदार एकटं त्या बापाचं भूत. हे भूत शुद्धीच्या आगीतून (मेल्यावर आत्म्याची पापं जाळणारी कॅथलिकांची ‘पर्गेटरी’) आल्यासारखं बोलतं, आणि असं काही स्थान नाहीच, असं प्रॉटेस्टंट इंग्लंडचं अधिकृत मत. हॅम्लेट शिकला विटेनबर्गला, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथाचा आरंभ करणाऱ्या ल्यूथरच्या गावात. त्याची चालढकल हा नुसता स्वभावदोष नाही. भूत खरं की सैतानाचं सोंग, हा त्याच्यापुढचा खरा पेच आहे. शिवाय शेक्सपिअरच्या आधीच एक हॅम्लेट रंगभूमीवर होतं. १५९६ मध्ये लॉज नावाच्या लेखकाने त्यातल्या भुताची टर उडवली आहे : कालवं विकणारीसारखं ओरडतं, ‘हॅम्लेट, सूड!’ म्हणजे शेक्सपिअरच्या हाती आला तो हसून हसून घासलेला ऐवज. तो घासलेला ऐवज कसा होता, ते किडमुळे कळतं. किड न वाचता हॅम्लेट वाचलंत तर शेक्सपिअरने काय उलटं केलं, ते दिसणारच नाही.

तेव्हा वेळ एकाच नाटकापुरता असेल तर किड. मराठीतच वाचायचं असेल तर मात्र वाद नको, सरळ हॅम्लेट घ्या. बसवायचं असेल तरी किडच घेईन, पण शेवटच्या अंकातलं वेगवेगळ्या भाषांतलं नाटकातलं नाटक दिग्दर्शकाला घाम फोडेल.

किड विकत घेताना आवृत्ती तेवढी पाहा. १६०२च्या प्रतीत काही प्रवेश मागाहून घातले आहेत. ते वेगळे दाखवणारी आवृत्ती हवी, कारण त्यांतच चित्रकाराचा प्रवेश आहे. त्याचाही मुलगा मारला गेलेला. हिएरोनिमो त्याला चित्र काढायला सांगतो : मला रात्री अंगरख्यात धावत येताना काढ, झाडाला टांगलेला पोरगा काढ. आणि विचारतो, तुला किंकाळी काढता येते का?